आरसी क्रॉलर कातळावर घसरतो: टायरची पकड कशी वाढवावी?

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत १:१० मापाचा क्रॉलर, म्हणजे दगडांवर सावकाश चढणारी रिमोटवरची छोटी जीप, घेतला. १.९ इंची रिम, पुढचा-मागचा दोन्ही ॲक्सल लॉक, ५५ टर्नची ब्रश मोटर. मुळशीच्या बाजूला एक ओढा आहे. पाणी आटलं की पात्रातला काळा कातळ उघडा पडतो. दर रविवारी सकाळी मी तिथेच असतो.

त्या पात्रात एक तिरपी पाटी आहे. पाऊण मीटरभर लांब असेल, आणि मधोमध चार बोटं उंचीची पायरी. मोबाइलमधल्या कोनमापकावर चढ ४२ अंश भरला. ही पाटी काही केल्या चढत नाही. चारही चाकं फिरतात, मोटरला दम आहे, पण गाडी जागच्या जागी. पुढची चाकं पायरीच्या कडेला टेकतात, टायरच्या नक्षीतली दोन-तीन बटणं (रबराचे उंचवटे) दगडावर खरखर घासतात आणि गाडी तिरकी होत होत खाली येते.

आधी मला वाटलं, गाडीसोबत आलेले टायरच कडक आहेत. म्हणून मऊ रबराचे नवे टायर मागवले. बरेच महाग पडले. फरक एवढाच की आता गाडी पायरीपर्यंत पोचते. पायरी चढत नाही ती नाहीच.

आता पुढे काय करू? अजून मऊ टायर घेऊ, वजन टाकू, की नक्षी बदलू? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

नट_बोल्ट

अजून टायर घेऊ नका. आधी दोन गोष्टी सांगा. आतला फोम काढून पाहिलात का? आणि रिमला हवा जायला भोकं आहेत का?

एक साधी परीक्षा करा. गाडी बॅटरीसकट फरशीवर ठेवा आणि डोळा जमिनीच्या पातळीला आणून टायर बाजूने बघा. टायर फरशीला एका रेषेत टेकलेला दिसला तर तो कडक आहे. किंचित बसका, पोट आल्यासारखा दिसायला हवा. मग खडूच्या डब्याएवढा एखादा दगड पुढच्या चाकाखाली सरकवा. दगड टायरमध्ये रुतला पाहिजे. टायर दगडावर नुसता चढून बसला तर रबर कितीही मऊ असलं तरी टेकणार दोनच बटणं. तुमच्या पायरीवर नेमकं हेच होतंय असं वाचून वाटलं.

खऱ्या जीपवाले खडकात शिरण्याआधी काय करतात? टायरमधली हवा काढतात. रस्त्यावर ३०-३५ पीएसआय असते, ती १५ च्या आसपास आणतात, बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी रिंग) असेल तर त्याहून खाली. टायर पसरतो, दगडाला कवेत घेतो. आपल्या टायरमध्ये हवा भरलेली नसते, आपली हवा म्हणजे तो फोम. तुम्ही टायर बदललात, पण हवा कमी केलीच नाहीत.

रबरी

मी रबराच्या धंद्यात आहे (गाड्यांचे टायर नाही, पण ऑइल सील, बुश, गॅस्केट), म्हणून थोडं त्या अंगाने लिहितो.

रबर दोन तऱ्हांनी पकडतं. एक म्हणजे चिकटून. पृष्ठभाग स्वच्छ असेल तर रबर दगडाला अगदी जवळून भिडतं आणि सुटायला नकार देतं. दुसरी तऱ्हा म्हणजे रुतून. दगडाच्या बारीक खडबडीत रबर शिरतं, पुढे सरकताना त्याला सारखा आकार बदलावा लागतो आणि त्यात शक्ती खर्च होते. ती खर्च होणारी शक्ती म्हणजेच आपली पकड. मऊ आणि जरा 'आळशी' रबर, म्हणजे दाबल्यावर टणकन उसळी न मारता सावकाश मूळ आकारात येणारं, दोन्ही कामं चांगली करतं. क्रॉलरचे महागडे टायर याच जातीचे असतात. बोटाने बटण वाकवून सोडून बघा, ते हळूहळू सरळ होईल.

चिकटण्याचा सगळ्यात मोठा शत्रू धूळ. ओढ्यातल्या वाळक्या गाळाचा पातळ थर बटणांवर बसला की रबर दगडाला भिडतच नाही, भिडतं ते मातीला. पाटीवर जाण्याआधी ओल्या फडक्याने टायर पुसून बघा. फुकटात होणारी याहून मोठी सुधारणा मला माहीत नाही. टायर नवे असतील तर कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून जुन्या टूथब्रशने एकदा घासून घ्या. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश त्यावर राहिलेला असतो.

आणि कळकळीची विनंती: मऊ करण्यासाठी पेट्रोल, रॉकेल, थिनर काहीही लावू नका. रबर फुगतं, दोन दिवस मऊ लागतं, मग आतलं तेल निघून जातं आणि बटणांच्या मुळाशी चिरा पडतात. माझ्याकडे अशा चिरलेल्या सीलचा डबाच भरलाय.

चिंगीची आई

खूप छान माहिती. वाचते आहे. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण आधी हे होऊ दे, मग विचारते.

ओढ्याकाठी

नट_बोल्ट, तुम्ही सांगितलेली परीक्षा केली. टायर फरशीला एका रेषेतच टेकलाय, पोट वगैरे काही नाही. दगड सरकवला तर अख्खं चाक वर उचललं गेलं.

मग रात्री बसून एक चाक खोललं. बीडलॉकच्या रिंगला बारा स्क्रू आहेत. रिंग निघाली, टायरची कड सुटली आणि आतून फोम बाहेर काढला. काळा, गच्च, पूर्ण टायरभर फुगलेला. हातात घेतल्यावर बाथरूमच्या चपलेच्या तळव्यासारखा लागला. चिमटीत दाबला तर लगेच जागेवर. वर तो टायरपेक्षा जरा मोठाच होता, म्हणजे आत आधीच दाबून भरलेला.

रिमला भोक एकही नाही. टायर नुसता, फोमशिवाय, रिंगसकट पुन्हा बसवून दाबला, तर फुग्यासारखा उलट ढकलत होता. म्हणजे आत कोंडलेली हवाही कडकपणा वाढवत होती.

नट_बोल्ट

मिळालं उत्तर. आता असं करा.

फोम फेकू नका. दोन थरांचा फोम विकत मिळतो, आतला गाभा घट्ट आणि बाहेरचा थर मऊ, खुल्या छिद्रांचा. काम तोच उत्तम करतो. गाभा रिमला धरून राहतो, म्हणून तिरप्या उतारावर गाडी बाजूला लडबडत नाही. बाहेरचा थर दगडाच्या आकारात बसतो. तो परदेशातून मागवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो. तोवर घरी करायचं असेल तर तुमच्याच फोमचा बाहेरचा थर कात्रीने गोल कापून काढा, साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीचा. कारच्या सीट कव्हरवाल्याकडे मऊ स्पंजचे तुकडे पडलेले असतात, त्याची तेवढ्याच जाडीची पट्टी कापून बाहेरून गुंडाळा. टोकं तिरकी कापून जोडा, म्हणजे सांध्यावर उंचवटा येणार नाही. चिकटवायची गरज नाही, टायर तिला धरून ठेवतो.

भोकं: प्रत्येक रिमला समोरासमोर दोन, ३ मिलिमीटरची. ड्रिल सावकाश चालवा, प्लास्टिक वितळतं.

पुढचे टायर मागच्यापेक्षा मऊ ठेवा. चढावर पुढे भार कमी येतो, त्यामुळे तेवढ्या कमी भारातही तो टायर दबला पाहिजे. मागे उलट, गाडीचा सगळा भार तिथे बसतो. तिथे फार मऊ ठेवलं तर टायर रिमपर्यंत दबतो आणि गाडी मागे कलंडते.

जांभाचिरा

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे काळा कातळ कमी, जांभा जास्त. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, गाडी चालवतो. जांभ्यावर पकडीचा प्रश्न जवळजवळ नाहीच, तो एवढा खरखरीत आणि छिद्रांचा असतो की कुठलाही टायर अडकतो. प्रश्न आहे तो टायर खाल्ला जाण्याचा. मऊ टायरची बटणं तीन महिन्यांत कुरतडल्यासारखी झाली. म्हणून मी मध्यम कडक रबर वापरतो आणि फोम मात्र मऊ. दगड बघून रबर निवडा.

पावसाळ्यात सगळं उलटतं. जुलैत त्याच सड्यावर शेवाळाचा हिरवा थर येतो आणि मऊ टायर साबणावर ठेवल्यासारखे घसरतात. तेव्हा मोठी, एकमेकांपासून लांब असलेली बटणं लागतात, शेवाळ फाडून खाली जाणारी. आणि पाण्यात जाणार असाल तर रिमला भोकं पाडून खुल्या छिद्रांचा फोम ठेवू नका. पाणी आत जातं, स्पंज ते पितो आणि प्रत्येक चाक पावशेर जड होतं. पावसाळ्यासाठी माझा बंद छिद्रांच्या फोमचा चाकांचा वेगळा संच आहे.

वजनाबद्दल कोणी बोललं नाही अजून. मी पागाला (मासे धरायच्या फेकजाळ्याला) लावायचं शिसं वापरतो. बाजारात पाग विणणाऱ्यांकडे शिशाचे मणी किलोवर मिळतात. ते दोरीत ओवून रिमच्या आतल्या खाचेत गोल बसवले आणि वरून टेप गुंडाळली. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

नट_बोल्ट

वा, पागाचं शिसं! आमच्याकडे व्हील बॅलन्सिंगवाल्याकडे पाठीला गोंद असलेल्या पट्ट्या मिळतात, ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे पाडलेल्या. त्याही रिमच्या आतल्या बाजूला चालतात. पुढच्या प्रत्येक चाकात शंभर-सव्वाशे ग्रॅम टाका. गाडी दगडाला चिकटून चालते.

रबरी

वजनावर थोडं थांबायला हवं, कारण इथे एक गैरसमज सगळीकडे फिरतो.

गाडी जड केली की पकड वाढते, हे खरं. पण चढावर तिला खाली ओढणारं बळही त्याच प्रमाणात वाढतं. दोन्ही सारखंच वाढल्यामुळे गाडी किती अंशांवर घसरायला लागेल तो कोन वजनाने बदलत नाही. तो ठरतो रबर आणि दगड यांच्यातल्या घर्षणाने. ४५ अंशांची पाटी चढायला घर्षणाचा गुणांक १ लागतो. ओढ्याकाठींची ४२ अंशांची पाटी म्हणजे ०.९. स्वच्छ कोरड्या कातळावर चांगल्या रबराला हे जमण्यासारखं आहे. उलट रबराच्या बाबतीत भार फार वाढला तर गुणांक थोडा उतरतोच.

मग चाकात वजन टाकून फायदा का होतो? दोन कारणांनी. ते वजन ॲक्सलच्या पातळीला, म्हणजे एकदम खाली असतं, त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य उतरतो आणि ती मागे उलटत नाही. आणि ते पुढे असतं. चढावर भार मागच्या चाकांकडे सरकतो, पुढची चाकं हलकी होऊन नुसती फिरतात. पुढे टाकलेलं वजन तो तोल परत आणतो. म्हणजे प्रश्न किती वजन हा नाही, कुठे हा आहे. तेच १०० ग्रॅम छतावर टाकले तर नुकसान होईल.

नट_बोल्ट

मान्य. मी इतकी वर्षं 'वजनाने पकड वाढते' असंच सांगत आलो. फायदा दिसत होता, त्याचं कारण तुम्ही नीट मांडलंत.

ओढ्याकाठी, मग तराजू घ्याच. स्वयंपाकघरातला ५ किलोचा डिजिटल काटा पुरतो. पुढची दोन चाकं काट्यावर, मागची दोन तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांच्या चळतीवर. आकडा लिहा. मग गाडी फिरवून मागची चाकं काट्यावर. बेरीज एकूण वजनाएवढी आली पाहिजे. पुढे ५५ ते ६० टक्के यायला हवं. त्याहून पुढे नेलं तर उतरताना गाडी नाकावर येते.

शिसं लावण्याआधी बॅटरी पुढे सरकवता येते का बघा. त्याने एक ग्रॅमही न वाढवता तोल बदलतो. आणि जड चाकं वळवायला सर्व्होला (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला) ताकद लागते, गाडीसोबत आलेला सर्व्हो दगडात अडकल्यावर कण्हायला लागला तर तो आधी बदला.

रॉकीजमधून

मी कोलोरॅडोत राहतो, गाडी घेऊन वर्षातून एकदा-दोनदा युटामधल्या मोआबला जातो. तिथला वालुकाश्म म्हणजे जणू सँडपेपर. नाव 'स्लिकरॉक', म्हणजे निसरडा खडक, पण ते नाव घोड्यांच्या नाला घसरायच्या म्हणून पडलं असं तिथे सांगतात. रबर तिथे असं धरतं की टायर सुटण्याआधी गाडी मागे उलटते. म्हणून तिथले लोक फोमपेक्षा गुरुत्वमध्याच्या मागे लागलेले असतात. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्या घोटीव, ओढ्याने गुळगुळीत केलेल्या कातळासाठी सेटिंग ठरवू नका. पुण्याला आलो की मी माझ्या काकांच्या गावी नदीपात्रात चालवतो, तिथे मोआबची सेटिंग साफ फसली होती.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे कामाला आली: ओव्हरड्राइव्ह. पुढच्या ॲक्सलचे गिअर असे बसवायचे की पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त वेगाने फिरतात. त्यामुळे गाडी पुढून ओढली जाते, चढावर सरळ राहते आणि वळतेही लहान घेरात. बऱ्याच गाड्यांसाठी असे गिअर मिळतात. पण आधी फोम, मग तोल, आणि हे सगळ्यात शेवटी.

थंडीचंही लक्षात ठेवा. आमच्याकडे हिमाच्या आसपासच्या तापमानात हेच मऊ टायर लाकडासारखे होतात. तुमच्याकडे मे महिन्यात उलट होईल.

जांभाचिरा

+१. मे महिन्यात दुपारी कातळावर हात ठेवता येत नाही. तेव्हा मऊ बटणं मुळापासून फाटतात. सकाळी ९ च्या आत आवरा.

चिंगीची आई

आता विचारते. माझ्या मुलीकडे १:२४ ची छोटी गाडी आहे, एससीएक्स२४. ती घरात उशांच्या आणि पुस्तकांच्या ढिगावर चालवते, अंगणात दगडांचा डोंगर केलाय. गाडी सारखी उलटी पडते. तिच्या एवढ्याशा टायरमध्ये मी फोम कापत बसू का?

नट_बोल्ट

ताई, तिच्या गाडीत आधी वजन, मग टायर. छोटी गाडी इतकी हलकी असते की बॉडीच्या मानाने खाली काहीच भार नसतो, आणि टायरही दबत नाही. पितळी रिम मिळतात, पुढच्या दोन चाकांना आधी त्या घ्या. शिसं वापरू नका, मुलीचे हात लागणार. मग मऊ टायरची जोडी. फोम कापायला जाऊ नका, त्या मापात नखाएवढा तुकडा चुकला तरी चाक वाकडं चालतं. आणि अंगणातल्या डोंगराचा फोटो टाका.

चिंगीची आई

धन्यवाद दादा. फोटो टाकते. शिखरावर तिने झेंडाही रोवलाय.

ओढ्याकाठी

आज पाटीवर जाऊन आलो. सगळं क्रमाने लिहितो.

आधी काटा. सुरुवातीला गाडी २.९ किलो, पुढे १.५२, मागे १.३८. म्हणजे पुढे जेमतेम ५२ टक्के. मागची बॅटरी १७ सेंटिमीटर पुढे, सर्व्होच्या मागे नेली. पुढच्या प्रत्येक चाकात ११० ग्रॅमच्या पट्ट्या लावल्या. आता एकूण ३.१२, पुढे १.८४, मागे १.२८. पुढे ५९ टक्के.

फोम: पुढच्या दोन चाकांत बाहेरचा १० मिलिमीटरचा थर कापून वर मऊ स्पंज, मागे फक्त ५. सीट कव्हरवाल्याने स्पंजचे पैसे घेतले नाहीत, गाडी बघायला मात्र मागितली. त्याच्या दुकानासमोरच्या फरसबंदीवर पाच मिनिटं चालवून दाखवली. आता बाजूने बघितलं तर पुढच्या टायरला पोट दिसतं. दगड सरकवला तर तो अर्धा आत रुततो.

पाटीवर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची म्हणून जुन्या फोमची चाकंही सोबत नेली होती. जुनी चाकं, न पुसता: दहापैकी एकदाही पायरी नाही. तीच चाकं ओल्या फडक्याने पुसून: दोनदा. रबरी, फडक्यावर काळपट गाळ निघाला तो बघून मलाच आश्चर्य वाटलं, टायर डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. मग नवी चाकं, पुसून: दहापैकी सात.

सातव्यांदा चढताना खाली बसून जवळून बघितलं. उजवं चाक पायरीला टेकलं, काठ हळूच टायरमध्ये शिरला, दोन्हीकडची बटणं त्याला धरून वळली आणि गाडी कसलाही आवाज न करता वर गेली. आधीची ती खरखर ऐकूच आली नाही. घसा दाटून आला.

आता राहिलेले तीन. तिन्ही वेळा डावं पुढचं चाक पायरीवर असतानाच उचललं गेलं. उजवं कधीच नाही. थ्रॉटल एकदम दिला की जास्त होतं. हे काय आहे?

रबरी

टॉर्क ट्विस्ट. ड्राइव्हशाफ्ट (मोटरचा जोर ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा) ॲक्सलला फिरवताना त्याची उलट प्रतिक्रिया चासीला पिळते आणि पुढचं एक चाक हलकं होतं. ज्या गाड्यांना पोर्टल ॲक्सल असतात त्यांच्यात हे कमी दिसतं, कारण तिथे शेवटची गिअर कपात चाकाजवळ होते आणि शाफ्टवर जोर कमी येतो. तुमची साधी ॲक्सल आहे ना?

ओढ्याकाठी

हो, साधीच.

नट_बोल्ट

मग पुढच्या दोन शॉकांपैकी जे चाक उचललं जातं त्याच्या विरुद्ध बाजूची स्प्रिंग एक नंबर कडक करून बघा. किंवा डाव्या चाकात २०-३० ग्रॅम जास्त. आणि थ्रॉटल तोडून तोडून देऊ नका, पायरीला टेकल्यावर एकसारखा, अगदी रांगता ठेवा. पुढच्या रविवारी मी पुण्यात आहे. सकाळी ७ ला पोचतो, पाटीचा नेमका पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. माझ्याकडे स्प्रिंगांचे तीन संच आहेत, सगळे घेऊन येतो. ओलं फडकं तुम्ही आणा.